पाणी गेले, थर राहिले



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी हयातभर भूगोल शिकवला. म्हणून आज मी असा विषय निवडला आहे, ज्यात पाऊस, खडक आणि माणसाचे कष्ट ही तिन्ही एकाच जागी भेटतात. रोमन साम्राज्यातील दगडी जलवाहिन्यांच्या आत चुन्याचे थर साचले आहेत. या थरांवरून दोन हजार वर्षांपूर्वीचे हवामान कसे वाचता येते, ते वाचताना कुठे सावध राहावे लागते आणि त्यातून आपण काय शिकायचे, हे मला आज मांडायचे आहे.

आधी रसायन पाहू. पावसाचे पाणी मातीतून झिरपते. मातीत मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड भरपूर साठलेला असतो. तो पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होते आणि हे आम्ल चुनखडकाला हळूहळू विरघळवते. कॅल्शियमने भारलेले असे पाणी झऱ्यातून उघड्यावर आले की कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो, आणि तो गेला की विरघळलेला चुना पाण्यात टिकत नाही. तो कॅल्साइटच्या स्फटिकांच्या रूपाने तळावर आणि भिंतींवर बसतो. आपल्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा कठीण थर धरतो, तो याच जातीचा. फरक एवढाच की घरी पाणी तापल्यामुळे हे झपाट्याने होते, तर जलवाहिनीत ते वाहत्या पाण्याच्या खळखळीने, रात्रंदिवस, पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते.

यातली कळीची गोष्ट अशी की हा थर वर्षभर एकसारखा बसत नाही. भूमध्य समुद्राच्या भोवती पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. पावसाळी दिवसांत झऱ्याला जोर येतो आणि पाण्याबरोबर चिकणमाती, लोहाचे कण, कुजलेला पालापाचोळा वाहून येतो. उन्हाळ्यात पाणी संथ, उबदार आणि स्वच्छ असते. ऋतूनुसार पाण्याची खोली बदलते, तापमान बदलते, भिंतीवर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे थर बदलतात. म्हणून एका ऋतूत बारीक कणांची गडद पट्टी बसते, तर दुसऱ्या ऋतूत मोठ्या, उभट स्फटिकांची फिकी पट्टी. एक गडद आणि एक फिकी अशी जोडी म्हणजे एक वर्ष. थर आडवा कापून घासून गुळगुळीत केला की या जोड्या साध्या डोळ्यांनाही दिसतात.

मात्र पट्ट्या मोजून फक्त वर्षे कळतात. त्या वर्षांत काय घडले हे कळण्यासाठी आणखी खोल जावे लागते. ऑक्सिजनचे दोन प्रकारचे अणू इथे कामाला येतात, हलका ऑक्सिजन-१६ आणि जड ऑक्सिजन-१८. पाणी थंड असताना बसलेल्या कॅल्साइटमध्ये जड ऑक्सिजनचे प्रमाण किंचित अधिक असते, उबदार पाण्यात किंचित कमी. एका अंश सेल्सियसच्या फरकाने हे प्रमाण हजारात सुमारे ०.२ इतके बदलते. फरक सूक्ष्म आहे, पण आजच्या उपकरणांना तो नेमका पकडता येतो. दंतवैद्याच्या ड्रिलपेक्षाही बारीक टोकाने पट्टीपट्टीतून भुकटी काढतात आणि द्रव्यमान-वर्णपटमापीत तपासतात. हाती येणारा आलेख करवतीच्या दात्यांसारखा वरखाली जातो. एक दाता म्हणजे एक हिवाळा आणि एक उन्हाळा. कार्बनचे समस्थानिक, म्हणजे असेच हलके आणि जड अणू, वेगळी माहिती देतात. पाण्यातून किती वायू निघून गेला, मातीत सजीवांची हालचाल किती होती, याचा माग त्यांच्यावरून लागतो. मॅग्नेशियम आणि स्ट्रॉन्शियम यांचे प्रमाण भूगर्भात पाणी किती काळ मुरत राहिले याचा अंदाज देते.

आता कोणी विचारेल, की यासाठी गुहांमधले लवणस्तंभ आहेतच, मग जलवाहिन्यांकडे का जायचे? याची दोन कारणे आहेत. लवणस्तंभ बहुधा वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या-शंभराव्या हिश्शाने वाढतात. जलवाहिनीतला थर वर्षाला मिलिमीटरभर, कधी त्याहूनही अधिक वाढतो. त्यामुळे एका वर्षाच्या आत डोकावता येते, ऋतू सुटे करता येतात. दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. गुहेत पाणी कोणत्या वाटेने आले हे आपण अंदाजाने सांगतो. जलवाहिनीत मात्र वाट माणसाने आखलेली आहे. नळाची रुंदी, उतार, झऱ्यापासूनचे अंतर सगळे मोजता येते, आणि बांधकामाचा काळ पुष्कळदा शिलालेखांवरून किंवा ग्रंथांवरून ठाऊक असतो.

एक उदाहरण फ्रान्सच्या दक्षिणेतील नीम शहराचे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात युझेसजवळच्या झऱ्यापासून नीमपर्यंत सुमारे ५० किलोमीटर लांबीची जलवाहिनी बांधली गेली. एवढ्या अंतरात झऱ्यापासून शहरापर्यंतची उतरण जेमतेम साडेबारा मीटरच्या आसपास आहे. म्हणजे दर किलोमीटरला सरासरी पाव मीटर. गार्दों नदी ओलांडण्यासाठी बांधलेला पाँ द्यु गार हा तीन मजली, सुमारे ४९ मीटर उंचीचा पूल याच जलवाहिनीचा भाग आहे. या वाहिनीच्या भिंतींवर काही ठिकाणी जवळपास अर्धा मीटर जाडीचा थर साचलेला आढळतो. त्यामुळे पाण्याची वाट अरुंद झाली, भिंत खडबडीत झाली आणि शहराला मिळणारे पाणी घटत गेले. चौथ्या शतकानंतर देखभाल ढासळली, याच्या खुणाही थरांतच आहेत. खालचे थर घट्ट आणि स्वच्छ आहेत, वरचे सच्छिद्र आणि अशुद्ध. पुढे मध्ययुगात लोकांनी हाच कठीण थर खणून काढला आणि बांधकामाचा दगड म्हणून वापरला.

इथे एका कारभाऱ्याची आठवण काढायला हवी. इ.स. ९७ मध्ये सेक्स्टस ज्युलियस फ्रॉन्टिनस रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला आणि त्याने जलवाहिन्यांवर एक ग्रंथ लिहिला. गाळ साचून त्याचे कठीण कवच बनते आणि पाण्याची वाट अडते, ही तक्रार त्याने त्यात नोंदवली आहे. जलवाहिन्यांच्या देखभालीसाठी एकूण ७०० गुलामांचे दोन ताफे होते, २४० सरकारी आणि ४६० सम्राटाच्या मालकीचे, हेही तोच सांगतो. ज्या कवचाशी ही माणसे झुंजत होती, तेच आज आपल्याला हवामानाची नोंद म्हणून हवे आहे. हे कवच किती साचू द्यायचे हे त्या माणसांच्या हाती होते, म्हणून त्यांच्या कामाचा विचार न करता थर वाचणे शक्यच नाही.

रोमला पाणी पुरवणाऱ्या आनिओ नोव्हुस या जलवाहिनीचा अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. ती इ.स. ३८ ते ५२ या काळात बांधली गेली आणि तिची लांबी सुमारे ८७ किलोमीटर होती. भिंतीवर थर किती उंचीपर्यंत चढला आहे यावरून पाण्याची खोली कळते. उतार आणि रुंदी ठाऊक असतात. मग दर सेकंदाला किती पाणी वाहत होते याचे गणित मांडता येते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा प्रवाह सेकंदाला सुमारे १.४ घनमीटर निघाला. फ्रॉन्टिनसच्या आकड्यांवरून काढलेल्या अंदाजापेक्षा तो कमी होता. म्हणजे एका चोख कारभाऱ्याच्या नोंदीची पडताळणी त्याला त्रास देणाऱ्या कवचानेच केली.

आता दक्षिण फ्रान्समधील आर्लजवळच्या बार्बेगालकडे वळू. दुसऱ्या शतकात तिथे एका उतारावर १६ पाणचक्क्या बसवल्या होत्या, आठ-आठच्या दोन ओळींत, एका चाकावरून पडलेले पाणी खालच्या चाकाला फिरवत जाईल अशा रीतीने. लाकडी चाके कधीच कुजून गेली. पण लाकडावर चुन्याचा थर बसला होता. लाकूड नाहीसे झाले तरी त्याच्या रेषांचा ठसा थराच्या पाठीवर राहिला. असे शंभराहून अधिक तुकडे आर्लच्या संग्रहालयात जपून ठेवले होते. जर्मनीतील माइन्त्स येथील योहानेस गुटेनबर्ग विद्यापीठाच्या ग्युल स्युर्मेलिहिंदी आणि केस पास्खीर यांच्या गटाने हे तुकडे तपासले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पट्ट्या आणि ऑक्सिजनचा आलेख जुळवून पाहता असे दिसले की उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरद ऋतूत या चक्क्या नेमाने बंद राहत. ही गिरणी दिवसाला २५ टनांपर्यंत पीठ दळू शकत होती. ते सारे पीठ केवळ आर्लच्या रोजच्या भाकरीसाठी असते, तर ती दर वर्षी महिनोन्‌महिने थांबली नसती. म्हणून संशोधकांनी असे सुचवले की इथले पीठ जहाजांवर नेण्याच्या, टिकाऊ बिस्किटांसाठी जात असावे. हिवाळ्यात समुद्रप्रवास थांबे, मग त्याआधी या मालाची मागणीही ओसरत असे.

या उदाहरणात थराने पावसाबद्दल थोडे आणि माणसांच्या धंद्याबद्दल पुष्कळ सांगितले. पण ते सांगता आले ते केवळ ऋतू ओळखता आल्यामुळे. हवामानाचे घड्याळ आधी लावले, मग त्यावर माणसाची वेळ वाचली.

असेच आणखी एक उदाहरण दिव्होनाचे आहे. हे आजचे फ्रान्समधील काओर शहर. तिथल्या जलवाहिनीतील थरांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकाखाली थरात अचानक तुटलेले पृष्ठभाग दिसले, हत्यारांच्या खुणा दिसल्या, घावाने वाकलेले कॅल्साइटचे स्फटिक दिसले आणि खरवडताना उडालेले कण पुढच्या थरात अडकलेले दिसले. म्हणजे कामगार आत उतरून कवच तासत होते. ऑक्सिजनच्या आलेखावर या खुणा मांडल्या तेव्हा समजले की ही सफाई एक ते पाच वर्षांच्या अंतराने होत असे आणि ती उन्हाळ्यात कधीही केली जात नसे. उन्हाळ्यात शहराला पाण्याची सर्वाधिक गरज असते, हे त्या कारभाऱ्यांना पक्के ठाऊक होते. फ्रॉन्टिनसने आपल्या ग्रंथात सांगितलेला हा नियम दगडातही सापडला.

याचा हवामानाच्या वाचनाशी थेट संबंध आहे. समजा, थरात दोन वर्षांच्या पट्ट्या गायब आहेत. त्या दुष्काळाने गेल्या की छिन्नीने? दुष्काळात थर पातळ होतो, वाढ मंदावते, पाण्याची पातळी खाली उतरल्याची रेघ भिंतीवर दिसते, पण स्फटिक मोडत नाहीत. छिन्नीने स्फटिक मोडतात आणि कडा दातेरी होते. महापुराच्या वर्षी मातीची तपकिरी रेघ जाड होते. वाहिनी काही काळ कोरडी पडली तर वाढ थांबते आणि पुन्हा नव्याने सुरू होते. या खुणा वेगळ्या करण्याचे कसब आले तेव्हाच हे शास्त्र उभे राहिले. ज्याला माणसाचा हात ओळखता येत नाही, त्याला या दगडातला पाऊसही ओळखता येणार नाही. माझ्या आजच्या मांडणीचे सार हेच आहे.

या सफाईचे सर्वांत भव्य उदाहरण कॉन्स्टँटिनोपलचे, म्हणजे आजच्या इस्तंबूलचे. इ.स. ३७३ मध्ये सम्राट व्हॅलेन्सच्या काळात तिथे जलवाहिनीचा पहिला टप्पा पूर्ण झाला आणि पाचव्या शतकात ती आणखी लांबवली गेली. तिच्या नळांची एकूण लांबी किमान ४२६ किलोमीटर भरते. प्राचीन जगात इतकी लांब दुसरी जलवाहिनी नाही. ६२६ मध्ये आव्हार टोळ्यांच्या वेढ्यात ती तोडली गेली. पुढे ७६६ च्या दुष्काळात झरे आटले, तेव्हा सम्राट पाचव्या कॉन्स्टँटाइनने साम्राज्याच्या निरनिराळ्या भागांतून हजारो कामगार आणवून ती दुरुस्त करवली. ती बाराव्या शतकापर्यंत चालू राहिली, म्हणजे सुमारे सातशे वर्षे वापरात होती. इतक्या वर्षांत तिच्यात केवढा थर असायला हवा! प्रत्यक्षात माइन्त्सच्या गटाला जेमतेम २७ वर्षांचा थर सापडला, आणि तो तिच्या वापराच्या अखेरच्या काळातला. याचा अर्थ, शतकानुशतके ती नेमाने साफ केली जात होती. मध्यभागी सुमारे ५० किलोमीटरच्या पट्ट्यात एकावर एक अशा दोन वाहिन्या आहेत. अशी दुहेरी रचना असेल, तर एक साफ करायला घेतली की पाणी दुसरीतून सोडता येते आणि राजधानीचा पुरवठा बंद पडत नाही. हवामानाच्या अभ्यासकाला सातशेऐवजी २७ वर्षे मिळाली म्हणून हळहळ वाटेल. मला मात्र त्या गायब झालेल्या थरांत त्या कामगारांची शतकांची निष्ठा दिसते.

जर्मनीतील कोलोन शहराची गोष्ट वेगळी. आयफेल डोंगररांगेतील झऱ्यांचे पाणी सुमारे ९५ किलोमीटर वाहून आणणारी जलवाहिनी तिथे इ.स. ८० च्या सुमारास बांधली गेली आणि २६० च्या सुमारास जर्मन टोळ्यांच्या स्वाऱ्यांत निकामी झाली. त्या १८० वर्षांत तिच्यात जाड, तपकिरी पट्ट्यांचा थर साचला. मध्ययुगात लोकांनी तो खणून काढला, घासून चकाकवला आणि आयफेलचा संगमरवर म्हणून देवळांत बसवला. मारिया लाखच्या मठात, बाट म्युन्स्टरआयफेलच्या चर्चमध्ये त्याचे स्तंभ आणि फरश्या आहेत. त्या सुंदर पट्ट्यांकडे पाहताना भाविकांना ठाऊक नव्हते की त्यांच्यासमोर रोमन काळातल्या एकेका वर्षाचा पाऊस मांडलेला आहे. वस्तुसंग्रहालयातल्या दगडाचा तुकडा कापायलाही परवानगी लागते, मग देवळातल्या स्तंभाचे काय! म्हणून जमिनीत उरलेल्या वाहिन्यांचे प्रत्येक उत्खनन महत्त्वाचे ठरते.

या शास्त्राच्या मर्यादाही सांगायला हव्यात. थर सलग असला तरी तो दशकांचा असतो, सहस्रकांचा क्वचितच. कॅल्साइटचे वय युरेनियम आणि थोरियम यांवरून काढतात, पण या थरांत मातीबरोबर बाहेरचे थोरियम येते आणि आकडा बिघडतो. मग पट्ट्या मोजून आणि बांधकामाचे वर्ष धरून चालावे लागते. शिवाय एका वाहिनीवरून साऱ्या प्रदेशाबद्दल बोलता येत नाही. आशिया मायनरमधील पातारा आणि अस्पेन्डोस या वाहिन्यांच्या थरांची तुलना याचसाठी केली गेली. दोन ठिकाणचे थर शेजारी ठेवले म्हणजे कोणता बदल साऱ्या प्रदेशाचा आणि कोणता एकाच झऱ्याचा, हे वेगळे करता येते.

आता आपल्याकडे पाहू. भारतातील मोसमी पावसाच्या अखिल भारतीय मोजमापांची सलग मालिका १८७१ पासूनची आहे. ती तयार करण्याचे मोलाचे काम पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत झाले. त्याआधीच्या शतकांसाठी आपल्याला बखरी, दप्तरे, शिलालेख आणि दगड यांकडेच जावे लागते. बस्तरमधील दंडक गुहेतल्या लवणस्तंभाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इ.स. ६०० ते १५०० या काळातील मोसमी पावसाची नोंद मिळाली. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाऊस वारंवार दुबळा पडला, असे तो दगड सांगतो. महाराष्ट्राच्या स्मृतीत ठाण मांडून बसलेला दुर्गादेवीचा दुष्काळ याच काळातला. तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला आणि बारा वर्षे चालला, अशी परंपरा आहे. एका देवीच्या नावाने लोकांनी जपलेले दुःख आणि गुहेतला कॅल्साइट एकमेकांना दुजोरा देतात. इथे एक फरक लक्षात ठेवावा. रोमन वाहिन्यांतला ऑक्सिजन मुख्यतः पाण्याच्या तापमानाबद्दल बोलतो, आपल्या गुहांतला मुख्यतः मोसमी पावसाच्या प्रमाणाबद्दल. एकच अणू, पण प्रदेशागणिक त्याला विचारायचा प्रश्न बदलतो.

आणि जलवाहिन्या आपल्याकडेही आहेत. छत्रपती संभाजीनगरमध्ये मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर-ए-अंबरी बांधली. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजहून पाणी आणले गेले आणि ते हौदाहौदांत खेळवले गेले. आपला खडक बेसाल्ट आहे, चुनखडक नव्हे. म्हणून अर्धा मीटर जाडीच्या थरांची अपेक्षा इथे धरू नये. पण बेसाल्टमधूनही कॅल्शियम झिजून पाण्यात येते. काळ्या रानातले चुनखडे आणि क्षाराच्या विहिरी हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. जिथे जिथे जुन्या नळात क्षार बसला आहे, तिथे तो वाचण्याजोगा आहे की नाही हे तपासूनच ठरेल. खरवडून फेकून दिल्यावर ते कधीच ठरणार नाही.

म्हणून जुन्या नहरी, हौद आणि खापरी नळ यांच्या दुरुस्तीत हात असलेल्या सर्वांना माझी विनंती आहे. गाळ जरूर काढा, पाणी जरूर वाहते करा, ते मूळ बांधणाऱ्यांच्या हेतूला धरूनच होईल. पण छिन्नी लावण्याआधी ठिकठिकाणचा क्षाराचा एकेक तुकडा जपून काढा. त्याची कोणती बाजू भिंतीला चिकटलेली होती, तो तळापासून किती उंचीवर होता, झऱ्यापासून किती अंतरावर होता आणि कोणत्या तारखेला काढला, हे त्यावर लिहा. जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाकडे किंवा संग्रहालयाकडे तो सोपवा. आर्लच्या संग्रहालयात ते तुकडे कोणी तरी ठेवले होते, म्हणून पुढच्या पिढीला बार्बेगाल वाचता आले. हे करायला मोठी यंत्रे लागत नाहीत. हातोडी, मोजपट्टी, वही आणि थोडी दूरदृष्टी पुरते. आपल्या गावातली जुनी वाहिनी साफ होत असेल, तेव्हा तुमच्यापैकी कोणी तरी वही घेऊन तिथे उभे राहावे, एवढे मागून मी थांबतो.